शुक्रवारची वीत

५ सप्टेंबर, सोमवार

व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, “रोज काय काय केलंत ते लिहून ठेवत जा, काका. प्रगती दिसते.” म्हणून ही वही.

आज काय केलं? टॉवेलची गुंडाळी करून डाव्या काखेत दाबून धरायची होती. हिने धरली नाही. बोटं उघडायची आणि मिटायची होती. हिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. प्रगती ही अशी. लिहायला एवढंच असलं तर वही जन्मभर पुरेल.

उन्हाळा संपता संपता हिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय बराचसा परत आला, काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जाते. बोलणंही येतंय, पण शब्द शोधत शोधत. हात मात्र आला नाही. आणि ही जन्माची डावखुरी. लिहिणं डाव्याने, चिरणं डाव्याने, विणणं डाव्याने, एकदा मला खराटा फेकून मारला तोही डाव्याने. नेम चांगला होता.

डॉक्टर म्हणतात, सुरुवातीचे महिने मोलाचे. हात आत्ता हलवला तर हलवला. हे हिला कळतं. मला भीती हाताची कमी वाटते आणि भिंतीकडे पाहण्याची जास्त.

७ सप्टेंबर, बुधवार

हिचा फोन कपाटात ठेवलेला असतो, तिनेच ठेवायला सांगितलाय. आज तो कपाटातून वाजला. तिच्या विणकामाच्या गटातून निरोप होता. गटाचं नाव ‘वीतभर’. तिथे कुणी कुणाला खऱ्या नावाने ओळखत नाही. हिचं नाव ‘डावखुरी’. गट चालवते ती ‘सुईमावशी’. तिने लिहिलं होतं, “डावखुरी, बऱ्याच दिवसांत चाहूल नाही. बरी आहेस ना? घाई काही नाही. तुझी खुर्ची आहेच.”

खुर्ची आहेच! मी बस आगारात वाहतूक नियंत्रक होतो, मला ही भाषा कळते. साहेब ‘तुमची जागा कुठे जात नाही’ म्हणाले की शहाणा माणूस बदलीची तयारी करायचा.

हिला वाचून दाखवलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग म्हणाली, “नाव... काढा.”

“कुणाचं?”

“माझं. तिथून.”

मी बरं म्हणालो, बाहेरच्या खोलीत आलो, आणि तिच्या नावाने लिहिलं, “आहे.” एकच शब्द. उगाच जास्त बोलायला जाऊ नये, माणूस पकडला जातो. इतकी वर्षं ज्या खुर्चीत ती रोज संध्याकाळी हसत बसायची, ती खुर्ची मी जाऊ देणार नाही. तिला उद्या परत बसावंसं वाटलं तर?

९ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी ही झोपली तेव्हा गटातलं मागचं वाचून काढलं. मी आजवर ‘लोकरीच्या गप्पा’ म्हणून नाक मुरडायचो. पण यांची रीत बघण्यासारखी आहे.

दर शुक्रवारी प्रत्येकाने आठवड्यात जे विणलं त्याचा फोटो टाकायचा. वीतभर असो, बोटभर असो. याला ‘शुक्रवारची वीत’ म्हणतात. आणि दुसरा नियम असा, की कुणाच्या कामात चूक दिसली तर ती थेट बोलायची नाही. आधी विचारायचं, “सांगू का?” समोरच्याने “सांगा” म्हटलं तरच सांगायचं. त्याने उत्तर दिलं नाही तर विषय तिथेच मिटला. दुसऱ्या कुणी तो उकरायचा नाही.

आमच्या ‘आगार परिवार’ गटात असा नियम केला तर अर्ध्या लोकांना हाताला कामच उरणार नाही. तिथे सकाळी सुविचार, दुपारी आरोप आणि संध्याकाळी कुणीतरी गट सोडतो. मी स्वतः तीनदा सोडलाय.

हिच्या फोनमध्ये एका निळ्या टोपीचा जुना फोटो सापडला, तो टाकून दिला. वेळ निभावली.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

जुने फोटो संपले. पुढच्या शुक्रवारी काय टाकायचं?

हिच्या पिशवीत माझाच स्वेटर अर्धवट पडलाय. शेवाळी रंग, जो मला नकोच होता. पाठीचा भाग निम्मा झालाय, सुई तशीच टाक्यांतून गेलेली. आजार आला त्या दिवशी हातातून ठेवला तो ठेवला.

गटात ‘ट्रकवाला’ म्हणून एक आहे. खरोखरच ट्रक चालवतो, मालाची चढउतार होईपर्यंत केबिनमध्ये बसून विणतो. त्याने नवशिक्यांसाठी धडे टाकलेत. सुलटा टाका, उलटा टाका. इतकं सावकाश आणि इतक्या मायेने सांगतो, की मला आधी वाटलं कुणा लहान मुलाशी बोलतोय. आज सुतळीवर सराव केला. सुतळीचं जे झालं त्याला नाव नाही.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

वीतभर नाही, पण दोन बोटं झालं! हिच्या विणीच्या पुढे माझी वीण. घामाघूम झालो. रोज दुपारी ही झोपली की स्वयंपाकघरात दार लोटून बसायचो, चोरून खाणाऱ्या पोरासारखा. फोटो टाकला. लांबून पाहिलं तर कुठे संपलं आणि कुठे सुरू झालं ते कळत नाही. निदान मला तरी कळत नाही.

गटावर एरवी फोटो पडला की लगेच कौतुक सुरू होतं. आज बराच वेळ सगळे गप्प. मग सुईमावशीने लिहिलं, “सांगू का?”

चोराच्या मनात चांदणं. उत्तर दिलंच नाही. थोड्या वेळाने ‘उसवणकर’ने लिहिलं, “रंग झकास.” हा उसवणकर विणतो त्याच्या दुप्पट उसवतो, म्हणून त्याला हे आडनाव पडलंय. मग ट्रकवाल्याने लिहिलं, “डावखुरी, तुला पाहून बरं वाटलं. आज थांबा लांबचा होता, तो जवळ झाला.” मग सगळ्यांनीच लिहिलं. सुईमावशीचा प्रश्न तसाच राहिला, त्याला कुणी हात लावला नाही.

सुटलो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

२५ सप्टेंबर, रविवार

योगायोग म्हणजे किती! पुढे गळा येणार, आणि हिने पूर्वी गटासाठी लिहून ठेवलेली गळ्याची रीत मला काही केल्या जमेना, सगळं भलत्याच बाजूला जात होतं. आणि आज सुईमावशीने आपणहून गटावर टाकलं, “डावखुरीची गळ्याची रीत फार सुबक आहे, पण उजव्या हाताने विणणाऱ्यांना अवघड जाते. मी ती उजव्या हातासाठी फिरवून लिहिली आहे. कुणाला उपयोग झाला तर झाला.”

नेमकी मला हवी तीच! देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात ते हेच.

हिने आज एक पोळी कमी खाल्ली. व्यायाम नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज अपमान झाला. गटात एक नवा आलाय, नाव ‘तज्ज्ञ’. स्वतःच ठेवलेलं. माझी वीत पाहून त्याने सगळ्यांसमोर लिहिलं, “हे काय, पोतं विणताय का?”

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी पेटलो. आगाराच्या भोंग्यावरून जो आवाज काढायचो तो बोटांत आला. चांगला चार ओळींचा आहेर लिहिला. पाठवणार तोच आठवलं, मी मी नाही, मी डावखुरी आहे. ही असं कधी लिहायची नाही. पुसून टाकलं.

तेवढ्यात उसवणकरने स्वतःचा एक फोटो टाकला. मोजा होता म्हणे. त्यात दोन माणसांचे पाय मावले असते. खाली लिहिलं, “माझं पोतं बघा.” मग ट्रकवाल्याने हातमोजा टाकला, त्याला सहा बोटं. मग एकामागून एक सगळ्यांनी आपापलं सर्वांत वाईट काम शोधून टाकलं. सुईमावशीने तर एक टोपरं टाकलं, जे तिच्या मांजरानेही घालायला नकार दिला होता. दुपारभर पोत्यांचा बाजार भरला. तज्ज्ञाला कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. माझं पोतं त्या गर्दीत बऱ्यापैकी देखणं दिसायला लागलं.

शेवटी सुईमावशीने त्याला विचारलं, “सांगू का?”

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, “सांगा.”

“तुमची पहिली वीत पाहायची आहे. कशीही असली तरी.”

मी नोकरीत कितीतरी भांडणं मिटवली, पण प्रत्येक वेळी कुणीतरी हरायचं. इथे कुणी हरलंच नाही. ही माणसं एकमेकांना कधी भेटलेलीसुद्धा नाहीत. मला खरंच नवल वाटतं, आणि थोडा हेवाही.

१२ ऑक्टोबर, बुधवार

‘आगार परिवार’मध्ये प्रयोग केला. एका जुन्या वाहकाने काहीतरी धादांत खोटी बातमी पुढे ढकलली होती. मी लिहिलं, “सांगू का?”

त्याचं उत्तर: “तू कोण टिकोजीराव सांगणारा?”

मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

वाहकाचा निरोप आला: “बरं सांग.” सांगितलं. त्याने बातमी काढून टाकली. गटात कुणी गट सोडला नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

तज्ज्ञाने पहिली वीत टाकली. चाळणी परवडली. तरी सगळ्यांनी त्यात चांगलं शोधलं. ट्रकवाला म्हणाला, “कडा सरळ आहेत, भल्याभल्यांना जमत नाही.” आणि खरोखरच कडा सरळ होत्या! खोटं कौतुक नव्हतं, शोधून काढलेलं होतं. तज्ज्ञाने मग डावखुरीची माफी मागितली. मी लिहिलं, “असू दे.”

१८ ऑक्टोबर, मंगळवार

लेकीचा फोन. ती लांब असते, रविवारी आईशी बोलते आणि मधल्या वारी माझी झाडाझडती घेते. तिला मी गटाचं सांगून बसलो.

“बाबा, आईच्या नावानं तुम्ही लिहिताय? तिला न विचारता?”

“तिची जागा राखतोय.”

“तिनं नाव काढा म्हटलं होतं ना? आणि ती माणसं? त्यांना काय वाटेल कळल्यावर? शोभतं का हे तुम्हाला?”

शोभत नाही. ती माणसं एवढी सरळ आणि मी त्यांना फसवतोय. आज संध्याकाळभर हेच डोक्यात आहे. पण सांगितलं तर ते म्हणणार, मग डावखुरीलाच बोलवा. आणि ही येणार नाही. मग खुर्ची खरंच रिकामी होईल.

व्यायामवाल्या बाई आज जाताना दारात हळूच म्हणाल्या, “काका, त्यांच्या मनात आल्याशिवाय हात यायचा नाही. त्यांना जे आवडतं त्यातून काही काढता येईल का?”

२० ऑक्टोबर, गुरुवार

धीर करून गटावर विचारलं. शिताफीने. “माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. आजाराने त्यांचा एक हात गेला. विणायच्या. आता काय करावं?”

ओळखीच्या बाई हे सुचलं म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

अनोळखी बाईसाठी माणसं इतकं करतात? आज कुणीही नेहमीची वीत टाकली नाही. ट्रकवाल्याने एक हात पाठीमागे बांधून विणून दाखवलं, एक सुई काखेत घट्ट धरून. सुईमावशीने टेबलाच्या कडेला सुताराचा शिकंजा आवळून त्यात सुई अडकवली आणि एका हाताने अख्खी ओळ विणली. तज्ज्ञाने लिहिलं, की त्याने तीन प्रकारे करून पाहिलं आणि शिकंजाच बरा, पण सुईला रबर गुंडाळायला हवं, नाहीतर ती निसटते.

वर किती विचारपूस! “त्या बाईंच्या काखेत थोडीतरी पकड आहे का, विचारशील?” “त्यांना सांग, पहिल्या ओळी रडवतात, सगळ्यांनाच.” आणि सुईमावशीने लिहिलं, “त्यांची काळजी घेणारं घरात जे कुणी असेल, त्यालाही सांग, वेळेवर जेवत जा. आणि आम्ही आहोत.”

निरोप पोचवतो, असं लिहिलं. डोळ्यांत पाणी आलं. कोण कुठली बाई, आणि कोण कुठला तिच्या घरचा माणूस.

मी आज जेवलो नव्हतो, ते आत्ता आठवलं.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

आज घडलं ते नीट लिहितो.

उसवणकरने एका हाताने विणण्याचा आपला प्रयत्न टाकला. सुई काखेत धरली तर गुदगुल्या होऊन तो स्वतःच हसत सुटला, मग सुई गेली सोफ्याखाली, लोकरीचा गुंडा गेला दाराबाहेर, आणि शेवटी हे महाशय लोकरीत पाय अडकून बसलेले. मला हसू आवरेना. हसता हसताच फोन घेऊन आत गेलो आणि हिच्यासमोर धरला. दुसरा विचारच आला नाही.

ही हसली. तोंड अजून एका बाजूला जातं, पण हसली. आवाज करून हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

मग तिने उजवा हात पुढे केला आणि फोन घेतला. आणि माझ्या लक्षात आलं, तिथे वर तिचं नाव आहे.

“तू बघ, मी... दूध तापवतो,” म्हणून मी स्वयंपाकघरात पळालो. दूध नव्हतंच. ओट्याशी उभा राहिलो. आतून आवाज नाही. भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, पुसलेला ओटा परत पुसला. लेक म्हणाली तेच खरं, असं वाटायला लागलं.

“अहो.”

गेलो. तिच्या मांडीवर फोन, त्यावर माझा पहिला फोटो. तिने बोटाने तो मोठा केला होता.

“स्वेटर... आणा.”

पिशवीतून काढून दिला. तिने विणीवर अंगठा फिरवत फिरवत नेला आणि एका जागी थांबवला.

“ही ओळ. पिळली.”

मला काही दिसेना. तिने चष्मा लावायला लावला. मग दिसलं. जिथे तिची वीण संपते आणि माझी सुरू होते, तिथे एका ओळीतला टाका न् टाका पीळ खाऊन बसलाय. तिने शब्द गोळा करत करत समजावलं. डाव्या हाताने विणलं की टाके सुईवर दुसऱ्या अंगाने बसतात. उजव्या हाताच्या माणसाने तेच नेहमीसारखे उचलले की पिळतात. एकच ओळ. पुढे सगळं सरळ. आणि विणणाऱ्याला ते बघताक्षणी कळतं.

“म्हणजे?”

“म्हणजे... कळलंय. सगळ्यांना. पहिल्या दिवशी.”

मी खाली बसलो. माझं डोकं आगाराच्या भोंग्यासारखं वाजत होतं. सुईमावशीचं “सांगू का?” उजव्या हातासाठी फिरवलेली गळ्याची रीत. पोत्यांचा बाजार. ओळखीच्या बाई! मी त्यांना फसवतोय असं मला वाटत होतं, आणि ते माझं फसवणं सांभाळत होते. एवढी माणसं, एवढे दिवस, आणि एकानेही ओठ उघडले नाहीत. का, तर मी “सांगा” म्हटलं नव्हतं.

“रागावलीस?” मी विचारलं.

“हो.” मग स्वेटर माझ्या छातीला लावून पाहत, “शेवाळी... शोभेल तुम्हाला.”

२९ ऑक्टोबर, शनिवार

हार्डवेअरच्या दुकानातून शिकंजा आणला. दुकानदाराने विचारलं, सुतारकाम का? म्हटलं, विणकाम. त्याने सुटे पैसे देताना माझ्याकडे जरा सांभाळून पाहिलं.

गटाला काय लिहायचं ते हिला विचारलं. “काही नको,” म्हणाली. “शुक्रवारी... मी.”

१ नोव्हेंबर, मंगळवार

दोनदा सुई फेकली. उजव्याने. नेम अजून यायचाय.

२ नोव्हेंबर, बुधवार

शिकंजा नको म्हणाली, काखेतच धरते. सुई निसटते, मी उचलून देतो, ती परत धरते. व्यायामवाल्या बाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. “टॉवेल धरा म्हणून मी इतके दिवस जीव काढला,” म्हणाल्या, आणि टॉवेलची गुंडाळी सोडून घडी करून ठेवली. टॉवेल रद्द. आता सुई हाच व्यायाम.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

ओळ एकही पुरी झाली नाही. ही रडली. मी तिला गटातला तो निरोप वाचून दाखवला, पहिल्या ओळी रडवतात, सगळ्यांनाच. वीत टाकली नाही. गटावर कुणी विचारलंही नाही. संध्याकाळी ट्रकवाल्याने फक्त एका रिकाम्या रस्त्याचा फोटो टाकला आणि लिहिलं, “आज इथे थांबलोय. निवांत.”

आता मला ही भाषाही कळते.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

बोटभर झालं. लहान पोराच्या बोटाएवढं. वेडंवाकडं, दोन टाके सुटलेले, पण तिचं. उजव्या हाताने, डाव्या काखेच्या आधाराने.

दुपारी टेबलाशी बसलो. मला वाटलं, आधी नव्या विणीचा फोटो टाकायचा. पण तिने फोन घेतला आणि मागे मागे जात राहिली. रिकामा रस्ता, एकहाती विणी, सहा बोटांचा हातमोजा, पोती, सगळं ओलांडून माझ्या पहिल्या फोटोपाशी आली. त्याखाली सुईमावशीचा प्रश्न अजून तसाच उभा होता, उत्तराची वाट पाहत. तिने उजव्या हाताच्या एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्याखाली लिहिलं:

“सांगा.”

मग आम्ही दोघं फोनकडे पाहत बसलो. इतक्या दिवसांचं साठलेलं आता बाहेर पडणार आणि तो मार आपण खायचा, अशी मी मनाची तयारी केली होती.

सुईमावशीचं उत्तर आलं.

“त्या एका ओळीतले टाके पिळले आहेत. विणणारा हात बदलला की होतं. उसवू नका, दोघंही. पिळलेली ओळ जास्त धरून राहते.”

मग उसवणकरने लिहिलं, “रंग मात्र तेव्हाही झकास होता.”

हिने फोन उपडा ठेवला. डोळे पुसले, आधी स्वतःचे, मग त्याच पदराने माझे. स्वेटरची पाठ माझ्याकडे सरकवली आणि आपली सुई परत काखेत घेतली.

“बसा,” म्हणाली. “बाह्या... राहिल्यात.”